भेडाघाटच्या सिनेमातलं प्रेत

मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवाची नव्हे, टेबलावरची. डोक्यावरचं बटण दाबलं की मी टिंग् वाजते आणि कुणीतरी काहीतरी थांबवावं, अशी माझी अपेक्षा असते. मित्रांनो, या अपेक्षेतच माझं बरंचसं आयुष्य गेलं.

माझा जन्म मुरादाबादचा. तिथे मला ओतलं, घासलं आणि रेल्वेने जबलपूरला धाडलं. सराफ्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात काही काळ मी लोटे आणि समया यांच्यामध्ये बसून होते. मग सिविल लाइंसमधल्या एका सरकारी ऑफिसात, साहेबांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. मी वाजले की नथ्थू शिपायाने आत यायचं, असा नियम होता. पहिल्या टिंगला नथ्थू विडी विझवायचा, दुसऱ्या टिंगला टोपी शोधायचा आणि तिसऱ्याला "आया साहब" म्हणायचा, तेही बाहेरूनच. तरी साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "घंटी मोठी सुरेल आहे हो." एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. पुढे विजेची घंटी आली आणि मला फायलींच्या कपाटावर चढवलं. कपाटावर ठेवलेल्या वस्तूला ऑफिसात कुणी टाकून देत नाही आणि कुणी खालीही काढत नाही.

मला खाली काढलं ते भय्यासाहेबांनी. ते तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. त्यांच्या निरोपाला शाल देऊन झाल्यावर साहेबांनी उगाच विचारलं, "और कुछ चाहिए?" भय्यासाहेबांनी मला मागितलं. "हमारे मंडल में भाषण रुकते नहीं, साहब," ते म्हणाले. अशी मी मदन महल भागातल्या आमच्या मराठी मंडळात आले.

आता मंडळाची एक रीत सांगते. दर हिवाळ्यात वर्धापनदिनाला इथे श्रीपाद अंजनकरांचा एक सिनेमा दाखवतात. अंजनकर म्हणजे मोठे नट. आता थकलेत, काम बंद केलंय. एकेकाळी ते इथून जवळच, नर्मदेकाठच्या भेडाघाटला शूटिंगसाठी आले असताना मंडळात येऊन पिठलं-भाकरी जेवून गेले. पिठलं पुन्हा मागून घेतलं. तेव्हापासून ते आमचे. कुणी त्यांच्या अभिनयाला नाव ठेवलं तर मंडळाला तो पिठल्याचा अपमान वाटतो.

सिनेमा कोणता दाखवायचा, हे वाद घालून ठरतं. चिठ्ठ्या टाकूनही ठरलं असतं, पण मग उरलेल्या संध्याकाळी करायचं काय? एकेकाने उभं राहून अंजनकरांची सर्वश्रेष्ठ भूमिका कोणती ते सांगायचं. मी वाजले की वाक्य अर्धं टाकून खाली बसायचं. शेवटी हात वर करून मतदान. ऑफिसात माझ्यासाठी नुसता नियम होता. इथे लोक तो पाळतात, हे बघून मला पहिल्या वर्षी भरून आलं होतं.

माझं बटण असतं ज्योतीबाईंच्या हाती. त्या शाळेत गणित शिकवायच्या, वेळेच्या पक्क्या. फक्त एका वक्त्याच्या बाबतीत त्यांचं घड्याळ पुढे पळायचं. तो वक्ता म्हणजे त्यांचे यजमान मुरलीधरराव.

मुरलीधरराव रेल्वेतले. तरुणपणी ते अंजनकरांचं ते शूटिंग बघायला भेडाघाटला गेले होते. तिथे प्रेताचं काम करणारा माणूस आलाच नव्हता. दिग्दर्शकाने गर्दीवर नजर फिरवली आणि त्यातले हाडकुळे मुरलीधरराव निवडले. नर्मदेच्या काठी त्यांना आडवं केलं आणि अंजनकर भाऊ गेला म्हणून त्यांच्या अंगावर पडून रडले. तो सिनेमा कुठे चालला नाही. जबलपुरात तर लागलाच नाही. आता मोबाइलवर मिळतो, पण मुरलीधररावांनी पाहिलेला नाही. पाहीन तर आपल्या माणसांत बसून, असा त्यांचा हट्ट. म्हणून दरवर्षी ते भेडाघाटच्या सिनेमाची बाजू घेऊन उभे राहत, आणि त्यांचं बोलणं प्रेतापर्यंत पोचायच्या आत ज्योतीबाई मला दाबत.

"कुंकू लावून बसायचं आणि समोर नवरा मेलेला बघायचा?" त्या एकदा विनताला माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. विनता कॉलेजात शिकवते, मंडळाचा लॅपटॉप तिच्याकडे असतो. "मला नाही जमायचं ते. मग लोक मला रडकी म्हणोत."

यंदा पावसाळ्यात मुरलीधररावांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात ज्योतीबाईंनी त्यांना पांढऱ्या चादरीखाली पाहिलं. ते बरे होऊन घरी आले. पण त्यानंतर तो सीन बघायचा नाही हा ज्योतीबाईंचा हट्ट दुप्पट झाला, आणि तो बघायचाच हा मुरलीधररावांचाही.

वर्धापनदिनाआधीच्या रविवारी वाद सुरू झाला. भय्यासाहेब नेहमीप्रमाणे मास्तरांच्या भूमिकेसाठी उभे राहिले. "शेवटच्या तासाला अंजनकर खडू उचलतात, फळ्याकडे बघतात आणि खडू परत ठेवून देतात. बस! तो खडू रडतो हो!"

विनता हिंदी सिनेमातल्या वकिलासाठी उठली. "भैया, खडू रडत असेल तर श्रेय खडूला द्या. वकिलाच्या भूमिकेत सगळं कोर्ट ओरडत असतं आणि हे फक्त चष्मा पुसतात."

"चष्मा तर मी रोज पुसून राहिलो," भय्यासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. "मला काहून नाही देत कोणी बक्षीस?"

मी वाजले. दोघेही बसले. मग मुरलीधरराव टेबलाला धरून उठले. ज्योतीबाईंचं बोट आधीच माझ्या बटणावर होतं. मुरलीधररावांनी ते पाहिलं.

"वाजव ज्योती," ते म्हणाले. "तुझा हक्क आहे. पण आज मी बसणार नाही."

सभेत कुजबुज झाली. इतक्या वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता. बोट बटणावर आणखी घट्ट टेकलं.

"तुम्ही सगळ्यांनी अंजनकरांना समोरून पाहिलं," मुरलीधरराव म्हणाले. "मी खालून पाहिलं. तेही डोळे मिटून. सीन सुरू व्हायच्या आधी ते माझ्याजवळ बसले आणि विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, नवीनच लग्न झालंय. ते म्हणाले, मग तुझ्या बायकोने हे पाहिलं तर तिला कसं वाटेल, तेवढंच मी मनात धरतो. आणि रडले. त्यांचे अश्रू माझ्या कानात गेले हो. गरम होते. ते तुझं रडणं होतं, ज्योती. ते त्यांनी उसनं नेलं. यापेक्षा मोठी भूमिका मला तरी माहीत नाही."

बटणावरचं बोट उचललं गेलं. ज्योतीबाईंनी पूर्ण तळवा माझ्यावर ठेवला. तसा धरला की मी वाजूच शकत नाही.

"वहिनी, वेळ," भय्यासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"मला कळतं भावजी," त्या म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना."

पण मुरलीधररावांचं बोलून झालं होतं. हात वर झाले. भेडाघाट जिंकला, भय्यासाहेबांच्या हातासकट. "चलो, एक बार देख ही लेते हैं," ते म्हणाले.

"लावा," ज्योतीबाई म्हणाल्या. "मी डोळे मिटून बसेन."

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी विनताने भिंतीवर पांढरा पडदा लावला. मी टेबलावर होते आणि ज्योतीबाई माझ्या शेजारी. नदीचा काठ दिसला, आडवे झालेले तरुण मुरलीधरराव दिसले आणि ज्योतीबाईंनी खरंच डोळे गच्च मिटले. अंजनकर रडायला लागले.

आणि भय्यासाहेब मोठ्याने म्हणाले, "अरे मुरल्या! तुझं पोट हलून राहिलं बे!"

हशा पिकला. मुरलीधरराव लालबुंद झाले. "मी श्वास रोखला होता!"

"काय रोखला? लोहाराचा भाता चालून राहिला!"

ज्योतीबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पडद्यावर अंजनकर जिवाच्या आकांताने रडत होते आणि त्यांच्या हाताखाली प्रेताचं पोट संथपणे वर-खाली होत होतं. त्या उठून पडद्याजवळ गेल्या.

"विनता, पुन्हा लाव."

विनताने पुन्हा लावलं. त्यांनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. या वेळी त्या मोठ्याने हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

"हरलो," भय्यासाहेब म्हणाले. "श्वास घेणाऱ्या प्रेतावर एवढं रडायचं आणि स्वतः हसायचं नाही! मास्तर, वकील सब ठीक है, पण अभिनय हा."

"पण माझं काम बिघडलं ना," मुरलीधरराव हिरमुसून म्हणाले.

ज्योतीबाई परत येऊन बसल्या. या वेळी त्या माझ्या शेजारी न बसता त्यांच्या शेजारी बसल्या. "अहो, तेवढं एक काम तुम्हाला नाही जमलं तरी चालेल," त्या म्हणाल्या आणि उरलेला रद्दी सिनेमा दोघांनी शेवटपर्यंत पाहिला.

मित्रांनो, दुसऱ्याचं बोलणं थांबवायचा हक्क कधी ना कधी तुमच्याही बोटाखाली येईल. तो जरूर वापरा, नाहीतर भाषणं संपणार नाहीत. पण दाबण्याआधी समोरचा कुठवर पोचायला बघतोय, ते एकदा ऐकून घ्या. आणि माझ्याबद्दल म्हणाल तर अधूनमधून चिंच लावून घासत जा. पुढच्या वर्षी भय्यासाहेब पुन्हा मास्तरांवर बोलणार आहेत, तेव्हा माझा घसा साफ हवा.