पट्टा थांबवणारी

कापसातली सरकी काढणाऱ्या खामगावच्या त्या जिनिंगमध्ये एक रीत होती, आणि ती ज्या शहाण्याने घातली त्याला कोपरापासून नमस्कार. सरकता पट्टा कापूस वाहून नेई आणि दोन्ही बाजूंच्या बाया त्यातला काडीकचरा, रंगीत धागे वेचत. धागे जास्त दिसले तर पट्टा थांबवायचा. पण जी थांबवेल तिनेच सगळ्यांना चहा पाजायचा, दंड म्हणून! मग कोण थांबवतं? धागे जायचे रुईत, रुई जायची गाठीत आणि गाठी सूतगिरणीच्या दारातून परत यायच्या.

दीपमाला सुपरवायझर झाली त्याच दिवशी मालक उत्तमराव म्हणाले, "आता एक जरी ट्रक वापस आला, तर वेचणीले मशीन लावतो. बाया बंद."

याच पट्ट्यावर उभं राहून आईने दीपमालेला शिकवलं होतं. यातल्या निम्म्या बायांनी तिला कडेवर घेतलेलं. ती एकेकीला विचारत फिरली, "मावशी, काही अडचण?"

"काही नाही वं माय, सगळं बराबर हाये."

सगळं बराबर होतं, तर ट्रक काय हवा खाऊन परत येत होता?

सगळ्यांत जुनी केसरबाई. तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, पण तोंड शिवलेलं. तिने एकदा सांगून टाकलं, "बोललं तं दंड, नाही बोललं तं पगार. मंग काऊन बोलू?"

दीपमालेला राग आला तो त्या चहाचा. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "आजपासून पट्टा थांबवनारीले चहा मी पाजीन. चूक कोनाची, हे इचारनार नाही. धागा कुठून आला, तेवढं सांगा." बाया पदराआड हसल्या. आठवडाभर पट्टा काही थांबला नाही, आणि आणलेला चहा ती बिचारी एकटीच पीत राहिली.

मग गाठींची गाडी भरायच्या दिवशी उत्तमराव पट्ट्यापाशी येऊन उभे राहिले, आणि नेमका तेव्हाच पट्टा थांबला. बटणावर केसरबाईचा हात. चिमटीत लाल धागा.

"कोनाचा हाये?" उत्तमराव गरजले.

केसरबाईने बोट दाखवलं. "या दीपमालेच्या ओढनीचा. वाकू वाकू पाह्यते, अन् काठ उसवून राह्यला."

दीपमालेचे कान तापले. काठ खरंच उसवला होता. मालकासमोर असं व्हावं! पण म्हातारीचा बटणावरचा तो हात पाहून तिला वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता मिठी मारावी. तिने ओढणी काढून बाहेर टांगली. "बरं झालं सांगितलं, मावशी. आनखी कुठून येतेत धागे?"

मग काय, बांधच फुटला. रुक्मिणीबाई म्हणाली, कापसाची गाडी खाली करताना हमाल प्लास्टिकची पोती कापसावरच झटकतात. कोणी म्हणाली, झाडूच्या रंगीत काड्या तुटून पडतात. कोणी पंख्याखाली उडणारा आपलाच पदर दाखवला.

उत्तमराव चक्रावले. "इतकं सारं? मंग आजलोक मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमी इचारता, कोनाचा हाये," केसरबाई म्हणाली. "हे पोरगी इचारते, कुठून आला."

उत्तमराव मागे वळले. मग त्यांनी हमालांना हाक दिली, "गाडी भरनं राहू द्या रे आज. आधी थे पोते कुठं झटकता, मले दाखवा."