विहिरीवरचा बंगला

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वाडीची विहीर आटली. पवना धरणाचं पाणी खाली डोळ्यांसमोर चमकत होतं, पण तिथवर उतरायला पाऊण तास आणि भरला हंडा घेऊन चढायला सव्वा तास लागायचा. विहिरीपासून पन्नास पावलांवर, तारेच्या कुंपणाआड, रुचिर साहेबांच्या बंगल्याची बोअर मात्र दिवसभर चालू असायची. तिचं पाणी वर स्विमिंग पुलात पडायचं. वाडीतल्या बायका त्याला टाकं म्हणायच्या आणि तिकडे बघून थुंकायच्या.

त्या बंगल्यात अनिता स्वयंपाक करायची. जागा तिच्या सासऱ्यानं, महिपतीनं, पाच वर्षांपूर्वी विकलेली. त्यामुळे वाडीत तिच्याशी कुणी नीट बोलत नसे. शेजारची रतनबाई तर तिला बघून वाट बदलायची. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे. त्यांना चुलीवरची भाकरी आणि गावरान कोंबडीचा रस्सा हवा असायचा. अनिता चुलीपुढं बसली की ते फोटो काढायचे. "तुम्ही किती नशीबवान, अशा जागी राहता," असं एक बाई म्हणाली होती. अनिता हसली नाही, तेव्हा त्या बाईनं तिला फोटोसाठी हसायला सांगितलं.

मेअखेरच्या शनिवारी सकाळी रुचिर लोणावळ्याहून आला. पूल काठोकाठ भरायला सांगून निघाला, तशी अनिता गाडीपाशी गेली.

"साहेब, वाडीची विहीर आटली. सकाळी एक तास बोअरचं पाणी बायकांना दिलं तर?"

"आज एक तास, उद्या दोन."

"प्यायपुरतंच मागत्यात."

"अनिता, बोअर माझ्या जागेत आहे. जागा तुझ्या सासऱ्याने विकली. खरेदीखतावर अंगठा नाही, सही आहे त्यांची. आणि पाहुण्यांसमोर हंडे-कळशांची रांग मला नकोय."

घरी गेल्यावर तिनं महिपतीला हे सांगितलं. तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"आबा, तुमी बोला की त्यांच्याशी."

"मला इचारू नगं," तो म्हणाला. "माझं हितं काय ऱ्हायलंय?"

रविवारी दहाच्या सुमारास पाहुणे पुलात उतरले होते. अनितानं चुलीवरचा तवा उतरवला, मागचं फाटक उघडलं आणि कुंपणापाशी उभी राहून हाक मारली. आधी कुणी आलं नाही. मग वाडीतली शकुबाई आली, तिच्यामागून दोघी, आणि मग सगळीच वाडी. अनितानं पुलात जाणारा पाईप काढून बाहेर वळवला आणि हंडे भरायला सुरुवात केली.

पुलातला एक तरुण, गॉगल लावलेला, काठाशी आला.

"हे काय चाललंय? आम्ही पूर्ण बंगला बुक केलाय. प्रायव्हसी नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

"पाणी भरतोय," रतनबाई म्हणाली. "तुमी पोहा. तुमच्याकडं बघाया न्हाई आलो."

त्यानं तिथूनच रुचिरला फोन लावला.

रुचिर तासाभरात पोचला. कुणाशी न बोलता तो थेट मोटरच्या खोलीत गेला आणि मेन स्विच बंद केला. पाईपाची धार बारीक होत थांबली. रांगेत अजून सात-आठ जणी होत्या.

"बाहेर व्हा सगळ्या. ही चोरी आहे. पोलिसांना बोलवीन."

"बोलवा," रतनबाई म्हणाली. "त्यास्नीबी तहान लागत आसंल."

रुचिरचा तोल गेला. सगळ्यात जवळचा भरलेला हंडा त्यानं उचलला आणि हिरवळीवर पालथा केला. तो रतनबाईचा होता.

तिनं रिकामा हंडा उचलला. चपला काढल्या, नऊवारीचा काष्टा आवळला आणि पुलाच्या पायऱ्या उतरू लागली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं हंडा बुडवला. मागोमाग शकुबाई उतरली, मग बाकीच्या. पाहुणे पटापट बाहेर पडले. एक मुलगी टॉवेल गुंडाळून, नाक दाबून उभी राहिली.

"औषधाचा वास हाय," रतनबाई हंड्यात बघत म्हणाली. "पर पानी आमचंच हाय."

"काय घाण केली सगळी!" गॉगलवाला ओरडला. "आता आम्ही यात उतरणार आहोत का?"

हे वाक्य अनिताच्या छातीत बसलं. त्याच पाण्यात तो सकाळपासून बिअरचे कॅन घेऊन डुंबत होता. ओले हात तिनं पदराला पुसले.

"साहेब, मी चालले," ती रुचिरला म्हणाली.

"चालले काय! पुन्हा इथं दिसू नकोस."

पोलीस आले नाहीत. पण पाहुण्यांनी त्या पाण्यात पाय टाकायला नकार दिला, म्हणून रुचिरनं दुपारी आख्खा पूल उपसून टाकला. पाणी नाल्यानं खाली गेलं, आटलेल्या विहिरीला वळसा घालून. महिपतीची म्हैस वाकली, तिनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग पूल नव्यानं भरायला बोअर दोन दिवस अखंड चालली. विहिरीच्या तळाशी उरलेला चिखलही भेगाळला.

बायकांना वाटलं होतं काहीतरी जिंकलं. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा धरणाची पायवाट उतरत होत्या, आणि आता त्यांच्यात अनिताही होती. पुढची कुणी तिच्यासाठी थांबत नव्हती, मागची कुणी तिला गाठत नव्हती.

पुलात हंडे भरणाऱ्या बायकांचं कुणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण तालुक्याला पोचलं आणि पुढच्या आठवड्यात सरकारी टँकर आला. बंगल्याच्या फाटकाला नवं कुलूप लागलं, बोअरभोवती पत्रे ठोकले गेले. शनिवारी पुन्हा गाड्या आल्या, गाणी सुरू झाली. चुलीपुढं आता कामशेतहून आणलेली बाई बसायची.

टँकरच्या रांगेत अनिता रतनबाईच्या मागं उभी होती.

"मावशी, हंडा उचलू लागू का?"

रतनबाई वळली नाही. "फाटक उघडलंस, चांगलं केलंस. पर त्याच्या आधी पंधरा दिस आमी खाली उतरत हुतो. तवा तुज्या घरात पानी कुटनं येत हुतं?"

खोटं बोलता आलं असतं.

"बंगल्यावरनं. रोज दोन मोठे कॅन भरून आणायची."

"ठाव हाय. पोरांनी बघितलं हुतं."

रांग एक पाऊल सरकली. रतनबाईनं आपला हंडा स्वतःच पुढं ओढला.