भुजंगरावांच्या देवघरातली पोथी

ज्ञानकोशात आपलं नाव छापून यावं, एवढीच रंगनाथ गुरुजींची हौस होती. पालमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला दुसरी कसली हौस परवडणार? पुण्याच्या एका मंडळानं पुराणातल्या पर्वतांवर नोंदी मागवल्या, तेव्हा त्यांनी द्रोणागिरी मागून घेतला. मारुती तो पर्वत घेऊन जाताना त्याचं एक ढेकूळ खाली पडलं आणि तीच आपल्या गावच्या शिवारातली टेकडी, ही गोष्ट त्यांना नोंदीत घालायची होती.

गोष्ट त्यांना सांगितली होती दगडाबाईनं. टेकडीच्या पायथ्याला गायरान होतं. नामांतराच्या दंगलीत बौद्धवाड्यातलं घर जळाल्यावर ती तिथं राहायला गेली, दगड वेचून तिनं वावर काढलं आणि ज्वारी पेरायला लागली. गुरुजी सुट्टीत गावी येऊन टेकडीवर फिरायला गेले की ती त्यांना पाणी द्यायची. गुरुजी ते प्यायचे, आणि आपण पितो याचा त्यांना मनातून अभिमानही वाटायचा. आता आम्ही देव मानत नाही, पण आजीची गोष्ट लय गोड आहे, असं म्हणून तिनं ती रंगवून सांगितली. गुरुजींनी तिची वाक्यंच्या वाक्यं उचलली.

मंडळानं कळवलं की लेखी आधार द्या, नाहीतर हा मजकूर गाळावा लागेल. गायरानातल्या बाईचं नाव आधार म्हणून कोण छापणार, हे गुरुजींनी स्वतःच ठरवून टाकलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही. नोंदीखाली लिहिलं, हस्तलिखित पोथी, भुजंगराव पाटील यांच्या देवघरातील. गावच्या या पाटलांच्या देवघरात टाक होते, समई होती. पोथी मात्र नव्हती. ग्रंथ आला तेव्हा पाटलांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, पेढे वाटले आणि पोथीबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढं गायरानं कसणाऱ्यांच्या नावावर करायचा हुकूम निघाला आणि पाटलांना एकाएकी टेकडीची भक्ती आली. जागा देवाची आहे, पायथ्याला देऊळ होणार, असा त्यांचा अर्ज गेला. अर्जाला गुरुजींची नोंद जोडलेली. हे कळलं तेव्हापासून गुरुजींना घास गोड लागेना. आपण एका ओळीची लबाडी केली आणि बाईचं वावर चाललं, हा विचार पाठ सोडेना. स्वतःची लाज वाटून ते चौकशीच्या दिवशी एसटीनं गावात गेले.

पारावर नायब तहसीलदार बसले होते. एका अंगाला पाटील आणि त्यांची माणसं, दुसऱ्या अंगाला उन्हात दगडाबाई. पोथी वाळवीनं खाल्ली, पण छापील ग्रंथ साक्षीला आहे, असं पाटील सांगत होते. गुरुजी पुढं झाले. पोथी कधी नव्हतीच, ती मी रचली, असं एका दमात बोलून गेले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ही गोष्ट आणली कुठून, असं विचारलं.

आता तरी बाईचा मान बाईला द्यावा म्हणून गुरुजी म्हणाले, "साहेब, खरा आधार ही दगडाबाई. अक्षर न् अक्षर हिनं सांगितलेलं आहे."

पाटलांचा चेहरा उजळला.

"म्हंजे टेकडी देवाची हाय, हे बाईबी सांगती. देव न मानणारी बाई सांगती म्हंल्यावर अजून काय पुरावा पायजे? लिवून घ्या, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. ती नुसती गोष्ट होती हो, असं गुरुजी विनवत राहिले. पण खोटी पोथी रचणाऱ्याचं म्हणणं आता कोण मनावर घेणार?

कारकुनानं कागद दगडाबाईपुढं धरला आणि ही गोष्ट तुम्हीच सांगितली का, असं विचारलं. ती नाही म्हणाली असती तर सुटली असती. तिनं नाही म्हणावं म्हणून गुरुजींनी मनातल्या मनात हात जोडले.

"सांगितली," ती म्हणाली. "माझ्या आजीची हाय. न्हाई कशी म्हनू?"

अंगठा उठवून ती गुरुजींजवळ आली. शाईचं बोट तिनं लुगड्याला पुसलं.

"पुस्तकात माझं नाव न्हवतं, ते बरं होतं, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "आज कशाला घेतलं?"