बुरुजाची माती

"हितनं वीस पावलं, मास्तर," म्हणत भिमाजी गेनबाच्या हरभऱ्यातून पुन्हा उगवतीकडे चालू लागला. सकाळपासूनची ही सातवी खेप. विसाव्या पावलावर थांबून त्याने पायाखाली पाहिलं आणि बांधावर परत आला.

चाकणजवळच्या आमच्या गावाबाहेर कुणा जुन्या सरदाराची गढी होती. तिचा तट, तिचा दरवाजा मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. माझ्या वेळेपर्यंत उरला होता तो पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि कडेला एक बुरूज. अकरा वर्षांपूर्वी त्या बुरुजाच्या पायथ्याशी भिमाजीने आपली लेक कुशी पुरली. चार वर्षांची होती. एवढ्या लहानाला आमच्याकडे जाळत नाहीत. खुणेला एखादा धोंडा ठेव, असं मी तेव्हा सुचवलं होतं.

"येवढा बुरूज हाय की," तो म्हणाला होता. "धोंडा कशाला?"

पुढे तो आणि त्याची बायको गवराबाई पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर गेले आणि तिथेच राहिले. या मार्गशीर्षात गवराबाई वारली. जाताना तिने एकच मागणं केलं होतं: माझी मूठभर राख पोरीपाशी ठेवा. ती पुरचुंडी आता भिमाजीच्या कमरेला होती.

मधल्या वर्षांत गावाने गढी उचलून नेली होती. गढीची पांढरी माती धाब्यावर पसरली की घर गळत नाही, रानात टाकली की पीक धरतं. दर उन्हाळ्यात गाड्या भरत. ढिगारा संपला, बुरूज संपला, आणि गेनबाने जागा सपाट करून नांगर घातला.

गेनबा दुपारी भाकरी घेऊन आला. पायथा खणताना काही दिसलं होतं का, असं मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"माती न्हेताना कोन बघतंय, मास्तर," तो म्हणाला. मग त्याची नजर पुरचुंडीवर गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि स्वतःच्याच हरभऱ्यातून पावलं मोजू लागला.

ऊन कलल्यावर भिमाजी खाली बसला.

"बुरुजाची माती कुनी न्हेली?"

येत असेल तर उत्तर लगेच द्यावं, असं मी वर्गात मुलांना सांगतो. मला वेळ लागला.

"शेवटच्या आठ गाड्या माझ्या धाब्यावर आहेत, भिमाजी."

त्याने कमरेची पुरचुंडी चाचपली.

"म्हंजी पोर तुमच्यात हाय," तो म्हणाला.

मी घराकडे निघालो. तो माझ्यामागून घरी आला आणि वर चढू का, एवढंच त्याने विचारलं. मी शिडी लावली. त्याने वहाणा खाली काढून ठेवल्या.

कोपऱ्यातली ओंजळभर माती त्याने उकरली, पुरचुंडी सोडून तिच्यात मिसळली आणि परत जागेवर लोटली. माती बसवायचं लाकडी चोपणं मी शिडीवरून वर धरलं. त्याने ते घेतलं नाही. दिवस मावळेपर्यंत तो तळहाताने माती थोपटत बसला होता, हळूहळू, आवाज होऊ न देता.