वेगळं मीठ

मोजणीवाल्या मॅडम येणार म्हणून आमच्या घरात दुसरी शेगडी आली.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर तापलेलं लोखंड हातात असतं, त्याची भीती वाटत नाही. पण सरकारी कागद दिसला की मी दोन पावलं मागे सरते. असाच एक कागद महापालिकेनं आमच्या खोल्यांच्या भिंतीवर चिकटवला. ही खोल्यांची रांग पाडायची, मागच्या मैदानात परवडणाऱ्या घरांच्या इमारती उभ्या करायच्या आणि इथल्या प्रत्येक कुटुंबाला तिथे एक घर द्यायचं. कुटुंब कशाला म्हणायचं तेही लिहिलं होतं: ज्यांची चूल स्वतंत्र, ते स्वतंत्र कुटुंब. आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: खोटी माहिती देणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं काढण्यात येईल. मी ते मुंगीएवढं वाक्यच चार वेळा वाचलं.

आमची एक खोली, मधोमध पडदा. अलीकडे मी आणि नवरा, पलीकडे दादा आणि ताई. दादा म्हणजे माझे थोरले दीर, बस चालवतात. ताई म्हणजे माझी जाऊ, दवाखान्यात आया आहे. लग्न होऊन मी या खोलीत आले त्याला नऊ वर्षं झाली, आणि ही नऊ वर्षं मी कुजबुजत काढली. नवऱ्याशी भांडायचं तरी खाणाखुणांनी. चूल मात्र एकच, ताईची, दाराजवळच्या ओट्यावर. म्हणजे कागदाच्या भाषेत आम्ही चौघं मिळून एक कुटुंब, आणि नव्या इमारतीतही आम्हाला एवढीच एक खोली. पडदा इथून काढायचा आणि तिथे लावायचा.

"चूल वेगळी करू," नवरा म्हणाला. तो वेल्डिंगचं काम करतो. जोडणं आणि तोडणं त्याला एकाच बैठकीत जमतं. "एक शेगडी आणली की झालं."

"न भांडताच वेगळं व्हायचं?" ताई म्हणाली. "लोक तोंडात शेण घालतील. आधी भांडण तरी करू या नीट." आणि हसली. तिला हसताना पाहिलं की मला धीर यायचा, तेव्हाही आला.

शेगडी आली. पडद्याच्या अलीकडे, खिडकीखाली स्टुलावर ठेवली. भांडी वाटली, डबे वाटले, आणि चिनी मातीच्या एका लहान बरणीत ताईनं तिच्या मोठ्या बरणीतलं मीठ ओतून दिलं. "घे, आता तू संसारी झालीस," असंही म्हणाली. स्वयंपाक मात्र पूर्वीसारखाच तिच्या चुलीवर चालला. माझी शेगडी नुसती शोभेची.

मग एका संध्याकाळी रेडिओ आली. रेडिओ म्हणजे आमची शेजारीण. तिला बातमी कळली की तिचं बटण बंद होत नाही, म्हणून हे नाव.

"शेवटच्या खोलीतल्या शिंप्याचं नाव कापलं," ती दारातूनच म्हणाली. "दोन्ही नावं! बापाचंही, लेकाचंही. मॅडमनी शेगडीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छच्या स्वच्छ! अगं, शेगडी का अशी लखलखते? आणि पहिला प्रश्न कसला विचारला माहितीय? मिठाचा. तेल संपतं, डाळ संपते, माणूस उसनं आणतो. पण मीठ वेगळं नाही त्याची चूल वेगळी नाही, असं म्हणाल्या बाई. आता खोल्या पाडल्यावर कुठे जाणार तो शिंपी?"

एवढं बोलून ती माझ्या शेगडीकडे पाहून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी शेगडी मळवायला घेतली. मुद्दाम दूध उतू घालवलं, तेलाचे शिंतोडे उडवले, बर्नरवर डाळीचा फेस वाळू दिला. आयुष्यभर घासण्यात गेलं आणि आता घाण करायला शिकत होते. स्वयंपाकही खरोखरच वेगळा सुरू केला, कारण नुसत्या डागांवर माझा विश्वास बसेना. तरी रस्त्यात कुणाच्या गळ्यात ओळखपत्र दिसलं की मला वाटायचं, आल्याच मॅडम. एकदा मी पाणीपुरवठ्याच्या माणसाला न विचारताच सांगून टाकलं, "आमची चूल वेगळी आहे हो." तो बिचारा नळाची तोटी बघायला आला होता.

राहिलं भांडण. सगळ्या खोल्यांना ते ऐकू जायला हवं होतं, म्हणजे मॅडमनी शेजारी चौकशी केली तरी उत्तर एकच आलं असतं. ताईनं आणि मी पडद्याआड तालीम केली. विषय कढईचा. मी म्हणायचं, कढई माझी; तिनं म्हणायचं, तुझ्या बापानं दिली होती का? तालमीत आम्ही इतक्या हसलो की मला उचकी लागली.

रविवारी सकाळी, नळावर सगळ्या जमल्या असताना, आम्ही सुरू केलं. कढई झाली, बाप झाला. रेडिओ बादली भरून वाहत असतानाही हलेना. मी ठरलेलं शेवटचं वाक्य टाकलं: "नऊ वर्षं तुझी सत्ता सोसली!"

यावर ताईनं 'चालती हो' म्हणायचं होतं. तिनं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "सत्ता? नऊ वर्षं वाढतेय मी तुला." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला कळलं की हे तालमीतलं नाही. "दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहून येते आणि तुम्हा सगळ्यांना वाढते. एकदा तरी विचारलंस, ताई, तू जेवलीस का?"

मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. ती नेहमी शेवटी बसायची, आणि तोवर मी हात धुऊन पडद्याआड गेलेली असायचे. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि लाज वाटली की माणूस जसं करतं तसंच मी केलं. उलटून बोलले.

"मग नको वाढूस! तुझ्या उपकाराचा घास नकोय मला."

ताईनं बादली उचलली आणि आत गेली. रेडिओनं तोंडावर हात ठेवला होता.

नवऱ्यानं त्या दिवशी माझं कौतुक केलं. "काय भांडलात! मलासुद्धा खरं वाटलं." दादाही मान डोलावून हसले. पुरुषांना पडद्याआडचं कधी दिसलंय?

ताई माझ्याशी बोलेनाशी झाली. तिच्या बाजूनं भांड्यांचा आवाज यायचा, बांगड्यांचा यायचा, तिचा यायचा नाही. माफी मागायला माझी जीभ रेटेना. आणि मग खरी भीती सुरू झाली, आधीची तिच्यापुढे काहीच नव्हती. आतापर्यंत मी डागांना घाबरत होते, बोटाला घाबरत होते. आता मला ताईची भीती वाटू लागली. मॅडम येतील, ताईला विचारतील, आणि ती एवढंच म्हणेल, "सगळं नाटक आहे हो, मॅडम." एक वाक्य. तिचंही नाव जाईल, माझंही जाईल, खोली तर पाडणारच आहेत. रागाच्या भरात माणूस स्वतःचंही बघत नाही, हे मी नळावर स्वतःवरूनच शिकले होते. इस्त्री करताना ते वाक्य मला ऐकू यायचं. दोन शर्ट जाळले मी त्या पंधरवड्यात.

बुधवारी संध्याकाळी डाळीत मीठ घालायला गेले तर चमचा बरणीच्या तळाला खरखरला. खरवडून खरवडून चिमूटभर निघालं. मला नवल वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला. मी डाळ आणत होते, तेल आणत होते, पण मीठ आणायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नऊ वर्षांत मी कधी मीठ आणलंच नव्हतं. ते ताईच्या बरणीत असायचं, कायमचं, नळाला पाणी असावं तसं.

गुरुवारी लॉन्ड्रीला सुट्टी, आणि नेमकी दुकानंही बंद. पडद्यापलीकडे मोठी बरणी भरलेली होती. 'ताई, जरा मीठ दे' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी सकाळी मी पाण्याच्या रांगेत तासभर उभी राहिले आणि दुपारी अळणी डाळ शिजवली. ताईही त्या दिवशी घरी होती. दोघे पुरुष कामावर. खोलीत दोन चुली पेटलेल्या आणि शब्द एकही नाही.

साडेबाराला दारावर टकटक झाली.

मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बरोबर टेप धरलेला एक शिपाई. मला बसा म्हणायचंही सुचेना. शिपायानं खोली मोजली, पडद्याच्या अलीकडे, पलीकडे. मॅडमनी ताईच्या चुलीवर हात धरला, मग माझ्या शेगडीवर. दोन्ही गरम. बर्नरवरून बोट फिरवलं, काळं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"मीठ कुठे ठेवता?"

चिनी मातीची बरणी फळीवर होती, बाहेरून दिसत काही नाही. झाकण उघडलं की संपलं. मोजताना अर्धवट सरकलेल्या पडद्यापलीकडे मी पाहिलं. ताई ओट्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून, भाकरी थापावी तशा एकसारख्या हालचालीत ओटा पुसत होती. माझ्या मनात आलं, हिला माहीत आहे बरणी रिकामी आहे. पडद्यातून चमच्याची खरखर तिनं ऐकली असणार. आता ती वळेल आणि बोलेल.

मी हात वर केला. बरणी उचलली, आणि ती माझ्या हातात जड लागली. इतकी जड की मला दुसरा हात लावावा लागला.

मॅडमनी झाकण उघडलं. मीठ काठोकाठ होतं. वरून हातानं दाबून सपाट केलेलं. ताई भरते तसंच.

"आणि तुम्ही?" मॅडमनी ताईला विचारलं. "हिची चूल खरंच वेगळी आहे?"

ताई वळली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "वेगळी म्हणजे?" ती म्हणाली. "मी उपाशी मरेन, पण हिच्याकडे चिमूटभर मीठ मागणार नाही. आणि हिलाही देणार नाही. शेजारी विचारा, सगळ्या नळाला माहितीय."

मॅडम किंचित हसल्या. दोन फॉर्म काढले. माझी सही रकान्याबाहेर गेली, ताईची नेहमीसारखी, गोल. "यादी लागेपर्यंत आम्ही पुन्हा कधीही येऊ शकतो," मॅडम जाता जाता म्हणाल्या आणि शेजारच्या दारावर टकटक केली. शेजारी रेडिओ.

मी बरणी छातीशी धरून उभी होते. पडदा बाजूला करून मी पलीकडे गेले. "ताई," म्हटलं, "कधी भरलंस?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीकडे खूण केली. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज स्पष्ट येत होता: "या दोघी जावांचं खरंच पटत नाही का?" त्यांना आमचंही तितकंच स्पष्ट ऐकू जात असणार.

ताई भिंतीकडे तोंड करून ओरडली, "कशाला आलीस माझ्या बाजूला? जा तुझ्या चुलीपाशी! नऊ वर्षं वाढलं, एकदा तरी विचारलंस का?"

ओरडताना तिचे डोळे भरून आले होते. ते नाटकातलं होतं की नाही, मला कळलं नाही. मी तिच्या अगदी जवळ गेले, पडद्याआड नऊ वर्षं बोलत आले तेवढ्याच आवाजात विचारलं, "ताई, तू जेवलीस?"

तिनं मान हलवली. नाही.

मी तिचं ताट काढलं, आवाज होऊ न देता, आणि माझी अळणी डाळ वाढली. वरून मीठ घातलं. "निघतेच आहे!" मी भिंतीकडे ओरडले, आणि तिच्यासमोर बसले.