परक्या रक्ताचा रिपोर्ट

धाकटी डोळ्याला भिंग लावून घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग बसवत होती. तेवढ्यात दादा दुकानात शिरला. एका हातात केक, दुसऱ्या हातात कागद.

"जिंकलीस गं! तीन महिन्यांची साखर एकदम झकास! मी उगाच ओढत नेलं होतं का तुला काल तपासायला?"

धाकटीचा चिमटा थांबला. थॅलेसेमिया जन्मापासूनचा, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्या रक्तातलं लोह साठत साठत स्वादुपिंडात जाऊन बसलं आणि ऐन तिशीत मधुमेह पदरात पडला. इंसुलिन सुरू झालं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर साखरेमुळे पडलेले दोन ठिपके दाखवले. "सहा महिन्यांत वाढले, तर हे बारीक काम सोडावं लागेल." त्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून तिने भात, पाव, बटाटा ताटाबाहेर काढला. लोह नको म्हणून कलेजीही बंद. "मग खाणार काय, वारा?" वहिनी तेव्हा म्हणाली होती.

धाकटी अंडी, कोबी, काकडी खात राहिली. तरी गेले दोन आठवडे संध्याकाळी जेवल्यावर बोट टोचलं की साखर मोजायचं यंत्र दोनशेच्या वरच बोलायचं. आणि हा कागद म्हणत होता, सगळं छान. यंत्रच बिघडलं असेल? केकचा वास थेट पोटात शिरला. तिने भिंग काढलं आणि बशी पुढे ओढली.

मागच्या खोलीतून वहिनी हात पुसत आली. रिपोर्ट ऐकून तिचा चेहरा खुलला.

"आता सांगायला हरकत नाही. दोन आठवडे तुझ्या संध्याकाळच्या सूपमध्ये बटाटा कुस्करून घालतेय मी. अंगात ताकद नको? बघ, झालं का काही?"

धाकटीने बशी परत सरकवली.

"झालं, वहिनी. यंत्र खरं बोलत होतं."

"आणि हा कागद खोटा?" दादा उसळला. "नाव तुझंच आहे की यावर!"

"नाव माझं, दादा. पण ही तपासणी लाल पेशींवर चढलेली साखर मोजते. आणि माझ्या अंगात पेशी आहेत परक्यांच्या, त्याही नुकत्याच आलेल्या. मघाशी मीच विसरले, केकपायी." ती हसली. "ज्यांनी रक्त दिलं ना, त्यांचं छान चाललंय. देव त्यांना असंच ठेवो."

वहिनी मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे तुझे डोळे मीच..."

"रडायचं नंतर. आजपासून माझं बोट तुम्ही टोचायचं आणि आकडाही तुम्हीच वाचायचा."

"मी? मला रक्त बघून घेरी येते!"

"मला आयुष्यभर बघावं लागतंय. या इकडे."

संध्याकाळी वहिनीने सूपचं भांडं तिच्या नाकाखाली धरलं. "हा फ्लॉवर आहे. देवाशपथ." जेवणानंतर दोन तासांनी तिने डोळे मिटूनच सुई टोचली आणि एक डोळा किलकिला करून वाचलं.

"एकशे अडतीस! बरा आहे का गं?"

"बरा आहे. उद्याही असाच हवा."

सकाळी धाकटीने भिंग लावलं. अर्धवट राहिलेली स्प्रिंग चिमट्यात धरली आणि पहिल्याच फटक्यात जागेवर बसवली.