तळहाताने ऐकलेली गाडी

मित्रांनो, मी गिअरच्या दांड्यावरचा एक जुना लाकडी गोळा आहे. दांडा आता नाही म्हणा. तरी ओळख करून देताना जुना हुद्दा सांगायची खोड जात नाही, त्याला काय करणार!

शिसवाच्या ठोकळ्यातून लेथवर माझा जन्म झाला. पोटात पितळी आटे बसवले, डोक्यावर गिअरचे आकडे कोरले आणि एका लाल, बुटक्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारमध्ये माझी नेमणूक झाली. माझे मालक शाळेत चित्रकला शिकवायचे. एवढी मिजासखोर गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, पण जपली पोटच्या पोरीसारखी. खरी पोटची पोर शेजारच्या सीटवर बसून मोठी झाली. लोक गाडीचं कौतुक करायचे आणि मी उगाचच फुगायचो.

पुढे मालकांचे कान गेले. हळूहळू गेले, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही आणि त्यांनी लागूही दिला नाही. कुणी बोललं की ते हसून मान हलवत. गाडीत मात्र हसून भागत नाही, तिथे इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकावा लागतो. मग ते तळहाताने ऐकू लागले. इंजिनाची थरथर दांड्यातून माझ्यात यायची आणि माझ्यातून त्यांच्या हातात. ती वाढली की ते वरचा गिअर टाकत, मंदावली की खालचा. कधी चुकले नाहीत. हे गुपित आमच्या दोघांतलं होतं. खरं सांगतो, एवढं महत्त्व मला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

त्यांच्या वाढदिवसाला लेक नवी मूठ घेऊन आली. वरून चामडं, आत मऊ स्पंज. मला तडा गेला होता, तो बाबांच्या हाताला टोचत असेल असं तिला वाटे. तिनं स्वतः मला फिरवून काढलं, नवी मूठ बसवली, खालचा नट आवळला आणि आकडे सरळ आहेत ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं. काम अगदी चोख. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या आनंदलेल्या चेहऱ्याकडे. जुनाच राहू दे म्हणायचं, तर कान गेल्याचं सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, "छान आहे."

आणि मी खिळ्यांच्या डब्यात गेलो.

तिथे दिवस कसे काढले ते विचारू नका. खिळ्यांशी काय बोलणार! बाहेर गाडी निघाली की गिअर करकरत पडायचे. इंजिन नुसतं बोंबलायचं, तरी वरचा गिअर पडत नसे. त्या स्पंजातून मालकांना काहीच कळत नव्हतं, आणि मी झाकणाखाली तळमळत होतो. एके दिवशी चढावर इंजिन बंद पडलं, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. गाडी मागे घसरून फाटकावर आदळली. लेक हादरली. बाबांचं आता वय झालं, असं म्हणत तिनं किल्ली मागितली. त्यांनी मुकाट्यानं दिली. गाडी विकली गेली. तिचा आवाज रस्त्याच्या टोकाला विरला, तोही मी डब्यातूनच ऐकला. त्या दिवशी मला फार फार एकटं वाटलं.

पुढे कधीतरी घड्याळ टांगायला खिळा हवा होता. लेकीनं डबा मालकांसमोर उघडला. त्यांनी मला उचललं आणि मूठ मिटली.

"याच्यातून मला इंजिन कळायचं गं," ते म्हणाले. "कानांनी केव्हाच साथ सोडलीय."

लेकीनं डबा खाली ठेवला. "बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांना ते ऐकू आलं नाही.

तिनं मला स्वतःच्या गाडीत बसवून पाहिलं, पण माझे आटे तिच्या दांड्याला जुळेनात. आता मालक तिच्या शेजारी बसतात आणि मी त्यांच्या मुठीत असतो. खालून माझ्यापर्यंत काहीच येत नाही.

मित्रांनो, जुनं जरूर बदला. पण त्यावर ज्याचा हात असतो त्याला आधी विचारा, आणि तो "छान आहे" म्हणाला, तरी पुन्हा एकदा विचारा. आमच्या लेकीला आता ते कळलंय. गिअर बदलण्याआधी ती बाबांच्या गुडघ्यावर बोटानं टकटक करते. मग ते मला हवेतच पुढे ढकलतात, अगदी वेळेवर.